रेडिओ व्यत्यय (खोडद दुर्बीण परिसर)

रेडिओ व्यत्यय म्हणजे एखाद्या ग्राहक यंत्रणेला हव्या असलेल्या रेडिओ संकेतात अन्य उगमाकडून आलेल्या विद्युतचुंबकीय लहरी मिसळून तो संकेत अस्पष्ट होणे किंवा पूर्णपणे झाकला जाणे. आकाशवाणी ऐकत असताना स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला की जी खरखर ऐकू येते, ती या घटनेचे घरगुती उदाहरण होय. महाराष्ट्रात या प्रश्नाला सर्वाधिक महत्त्व प्राप्त झाले आहे ते पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात खोडद येथे असलेल्या विशाल मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीमुळे (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, संक्षेपाने जीएमआरटी). या दुर्बिणीच्या पूर्वेस अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुका आहे. दूरच्या आकाशगंगांकडून येणारे अतिक्षीण संकेत टिपण्यासाठी लागणारी रेडिओ शांतता आणि याच परिसरातील लोकांच्या वीज, दूरसंचार, उद्योग व रेल्वे यांच्या गरजा यांचा मेळ घालणे, हा या विषयाचा गाभा आहे.

पार्श्वभूमी

रेडिओ खगोलशास्त्राचा जन्मच रेडिओ व्यत्ययाच्या शोधातून झाला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की हे अटलांटिक महासागरापलीकडे चालणाऱ्या बिनतारी दूरध्वनीत येणाऱ्या खरखरीची कारणे तपासत होते. वादळी विजांमुळे होणारी खरखर वेगळी काढल्यावर एक मंद, सातत्याचा आवाज शिल्लक राहिला. तो आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडून येत असल्याचे त्यांनी १९३३ मध्ये जाहीर केले. रेडिओ खगोलशास्त्रात संकेताची तीव्रता ज्या एककात मोजतात त्याला त्यांच्याच स्मरणार्थ ‘जान्स्की’ हे नाव देण्यात आले.

भारतात या शास्त्राचा पाया गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी घातला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांच्या नेतृत्वाखाली १९६५ मध्ये कल्याण येथे ३२ लहान तबकड्यांची मांडणी कार्यान्वित झाली. त्यानंतर १९७० मध्ये तमिळनाडूत उटी येथे ५३० मीटर लांबीची दुर्बीण सिद्ध झाली. खोडदची दुर्बीण हा या वाटचालीतील पुढचा टप्पा होता. मीटरतरंग, म्हणजे साधारण एक मीटर व त्याच्या आसपास तरंगलांबी असलेल्या लहरी, प्रगत औद्योगिक देशांत मानवनिर्मित संकेतांनी आधीच भरून गेल्या होत्या. भारतात त्या तुलनेने मोकळ्या होत्या. ही उणीव नव्हे तर संधी आहे, या विचारातून या प्रकल्पाची आखणी झाली.

स्थान आणि रचना

पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किमी अंतरावर, नारायणगावच्या पूर्वेस ही दुर्बीण आहे. पुण्याशी जवळीक, सभोवतालच्या डोंगरांचा आडोसा, मोठ्या शहरांपासूनचे अंतर आणि त्या काळी अल्प असलेला रेडिओ व्यत्यय ही जागेच्या निवडीमागील प्रमुख कारणे होती. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या मिळून ही एकच दुर्बीण बनते. त्यांपैकी १४ तबकड्या साधारण एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती भागात असून उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात पूर्व, पश्चिम व दक्षिण या तीन भुजांवर पसरलेल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमधील अंतर सुमारे २५ किमी आहे. तबकड्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नसून पोलादी तारांच्या जाळीचा आहे. जाळीची छिद्रे लहरींच्या लांबीपेक्षा बरीच लहान असल्याने लहरी परावर्तित होतात आणि वारा मात्र आरपार जातो. त्यामुळे बांधकाम हलके व स्वस्त झाले.

पुणे येथील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र या दुर्बिणीचे संचालन करते. २००२ पासून ती जगभरातील शास्त्रज्ञांना निरीक्षणासाठी खुली आहे. पुढील दशकात तिचे व्यापक नूतनीकरण झाले. आता ती १२५–२५०, २५०–५००, ५५०–८५० आणि १०५०–१४५० मेगाहर्ट्झ अशा चार मुख्य पट्ट्यांत काम करते. ८५० ते १०५० मेगाहर्ट्झ यांमधील सोडलेली जागा लक्षणीय आहे. भ्रमणध्वनी मनोऱ्यांकडून होणारे ८०० व ९०० मालिकांतील प्रक्षेपण याच जागेत येते.

संकेतांतील तफावत

दुर्बिणीला व्यत्यय इतका का बाधतो, हे साध्या गणिताने समजते. एक जान्स्की म्हणजे प्रति चौरस मीटर, प्रति हर्ट्झ १०⁻²⁶ वॅट. खगोलशास्त्रज्ञांना ज्या उगमांचा अभ्यास करायचा असतो, त्यांपैकी बहुसंख्य उगम एका जान्स्कीपेक्षा कितीतरी क्षीण असतात.

आता अर्धा वॅट शक्तीचा एक हातातला वॉकीटॉकी दहा किलोमीटरवर आहे असे समजू. त्याची शक्ती सर्व दिशांना सारखी पसरली आणि मध्ये कोणताही अडथळा नसला, तर दहा किलोमीटरवर ती प्रति चौरस मीटर सुमारे ०.४ नॅनोवॅट उरते. वॉकीटॉकीचा संकेत १२.५ किलोहर्ट्झ रुंदीत मावतो, हे लक्षात घेता त्याची तीव्रता सुमारे तीन लाख कोटी जान्स्की भरते. डोंगरांचा आडोसा आणि तबकडीची आकाशाकडे वळलेली दिशा यांमुळे प्रत्यक्षात हा आकडा पुष्कळ कमी होतो. तरीही तफावत इतकी प्रचंड आहे की उरलेला अंशही पुरेसा त्रासदायक ठरतो.

याच संवेदनक्षमतेचा प्रत्यय १९ ऑक्टोबर २०१६ रोजी आला. युरोपीय अवकाश संस्थेचे स्किआपरेली हे यान मंगळावर उतरत असताना ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपासचा त्याचा क्षीण संकेत खोडदच्या दुर्बिणीने १७ कोटी किलोमीटरहून अधिक अंतरावरून टिपला. यान पृष्ठभागावर पोहोचण्याच्या सुमारास तो संकेत लुप्त झाल्याचेही येथेच प्रथम ध्यानात आले.

व्यत्ययाचे प्रकार

रेडिओ व्यत्ययाचे दोन मुख्य प्रकार मानले जातात.

अरुंद पट्ट्यातील व्यत्यय हा हेतुपुरस्सर केलेल्या प्रक्षेपणामुळे होतो. दूरचित्रवाणी, भ्रमणध्वनी मनोरे, वॉकीटॉकी, विमानांची दिशादर्शक यंत्रणा आणि उपग्रह हे त्याचे उगम होत. असे संकेत ठरावीक वारंवारतेवरच असल्याने ते ओळखता येतात व गाळताही येतात.

रुंद पट्ट्यातील व्यत्यय हा बहुधा अनवधानाने होतो. विजेच्या ठिणगीत क्षणार्धात विद्युतप्रवाह बदलतो आणि त्यातून अनेक वारंवारतांच्या लहरी एकदम बाहेर पडतात. उच्चदाब वाहिन्यांवरील तडे गेलेले चिनी मातीचे इन्सुलेटर, सैल झालेल्या बांधणीच्या तारा, रोहित्रांवरील ढिले जोड, वेल्डिंग, पेट्रोल इंजिनातील स्पार्क प्लग आणि कार्बन ब्रश असलेल्या मोटारी हे याचे नेहमीचे उगम आहेत. हा व्यत्यय ५०० मेगाहर्ट्झखालील पट्ट्यांत विशेष जाणवतो. बिघडलेले टीव्ही बूस्टर स्वतःच आंदोलन पावून लहान प्रक्षेपकासारखे वागू लागतात. स्वस्त एलईडी दिव्यांचे व चार्जरचे स्विचिंग मंडलही असाच गोंगाट करते.

उगम किती अनपेक्षित असू शकतो याचे प्रसिद्ध उदाहरण ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीचे आहे. तेथे १९९८ पासून अधूनमधून नोंदले जाणारे काही गूढ संकेत वेधशाळेच्याच आवारातील मायक्रोवेव्ह भट्टीचे होते, हे २०१५ मध्ये सिद्ध झाले. भट्टी चालू असतानाच कोणी तिचे दार उघडले की ते उमटत असत.

मनोरंजन उद्याने आणि जत्रा

थोड्या जागेत पुष्कळ बिनतारी साधने एकवटली म्हणजे काय होते, याचा अभ्यास करण्यासाठी मनोरंजन उद्यान हे सोयीचे उदाहरण आहे. महाराष्ट्रात गोराई येथील एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये, तर खोपोलीजवळील इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले. अशा आधुनिक उद्यानांत कर्मचाऱ्यांचे वॉकीटॉकी, ध्वनिक्षेपणाचे बिनतारी मायक्रोफोन, वाय-फाय, तिकीट तपासणीची साधने आणि हजारो पर्यटकांचे भ्रमणध्वनी एकाच वेळी चालू असतात. अमेरिकेतील वॉल्ट डिस्ने वर्ल्डने २०१३ मध्ये आणलेल्या मनगटी पट्ट्यात जवळून वाचण्यासाठी १३.५६ मेगाहर्ट्झची आणि दुरून वाचण्यासाठी २.४ गिगाहर्ट्झची अशा दोन यंत्रणा होत्या. वाय-फाय व ब्लूटूथही याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात.

उद्यानातील उपाय हा वाटणीचा असतो. प्रत्येक विभागाला वेगळी वाहिनी द्यावी, शक्ती गरजेपुरती ठेवावी, आणि पाळण्यांचे ब्रेक व सुरक्षेची यंत्रणा शक्यतो तारांनी जोडावी, म्हणजे एकाचा संकेत दुसऱ्याला बाधत नाही. रेडिओ दुर्बिणीच्या बाबतीत हा उपाय अपुरा पडतो. तिला स्वतःचे काही प्रक्षेपित करायचे नसते, त्यामुळे ती आपला आवाज वाढवू शकत नाही. इतरांनी आवाज कमी करणे एवढाच मार्ग उरतो.

गावोगावच्या जत्रांतही हेच विज्ञान दिसते. आकाशपाळण्यांच्या मोटारी, जनरेटर व रोषणाईच्या माळा हे रुंद पट्ट्यातील व्यत्ययाचे उगम होत. एकमेकींवर आदळणाऱ्या विजेच्या गाड्यांचा खांब वरच्या जाळीला घासत जातो तेव्हा ठिणग्या उडताना डोळ्यांना दिसतात. विजेवर चालणाऱ्या रेल्वे इंजिनाच्या छतावरील पँटोग्राफ आणि वरची तार यांच्यामध्येही अशाच, परंतु कितीतरी अधिक शक्तीच्या ठिणग्या पडतात.

वारंवारतांची वाटणी आणि संरक्षणाच्या मर्यादा

भारतात वारंवारतांचे नियमन केंद्र शासन करते. काही पट्टे अल्पशक्ती साधनांसाठी परवानामुक्त आहेत. त्यांत ४३३–४३४ मेगाहर्ट्झ, फास्टॅगसारख्या ओळखपट्ट्यांसाठी वापरला जाणारा ८६५–८६८ मेगाहर्ट्झ आणि वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा येतो. अल्प पल्ल्याच्या वॉकीटॉकीसाठी ४४६.०–४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. परवानामुक्त साधनाने इतर अधिकृत सेवांना व्यत्यय आणू नये आणि स्वतःला होणाऱ्या व्यत्ययाविरुद्ध संरक्षण मागू नये, अशी अट असते. वरीलपैकी ४३३ आणि ४४६ मेगाहर्ट्झ हे दोन्ही पट्टे खोडद दुर्बिणीच्या २५०–५०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात येतात. म्हणजेच दुकानात खुलेपणाने मिळणारे साधे साधनही दुर्बिणीच्या दृष्टीने गैरसोयीचे ठरू शकते.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमांनुसार १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात कोणत्याही प्रक्षेपणास मनाई आहे. विश्वात सर्वाधिक असलेल्या हायड्रोजनच्या अणूचा संकेत १४२०.४ मेगाहर्ट्झवर, म्हणजे २१ सेंटीमीटर तरंगलांबीवर येतो, हे त्याचे कारण होय. परंतु हे संरक्षण प्रामुख्याने जवळच्या हायड्रोजनपुरते उपयोगी आहे. विश्वाच्या प्रसरणामुळे दूरच्या आकाशगंगांचा संकेत ताणला जाऊन कमी वारंवारतेवर पोहोचतो. मॅकगिल विद्यापीठ आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था येथील संशोधकांनी २०२३ च्या प्रारंभी खोडदच्या दुर्बिणीने टिपलेल्या अशाच एका संकेताची माहिती जाहीर केली. तो ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला होता. मूळचा १४२० मेगाहर्ट्झचा हा संकेत पृथ्वीवर पोहोचला तेव्हा सुमारे ६२० मेगाहर्ट्झचा झाला होता.

ही वारंवारता कोणत्याही सक्तीच्या आंतरराष्ट्रीय संरक्षणात येत नाही. भारतात २०२२ मध्ये झालेल्या लिलावात भ्रमणध्वनीसाठी ६०० मेगाहर्ट्झचा पट्टाही विक्रीस ठेवला होता. त्या वेळी त्यासाठी बोली आली नाही. जितके दूर पाहावे तितका संकेत संरक्षित पट्ट्याबाहेर सरकत जातो. म्हणून अशा संशोधनाला कागदावरील वाटणीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, आधार दुर्बिणीच्या परिसरातील प्रत्यक्ष शांततेचा असतो.

उपाययोजना

व्यत्यय कमी करण्याचे उपाय चार पातळ्यांवर केले जातात.

१. उगमाशी प्रतिबंध: दुर्बिणीपासून सुमारे ३० किमी परिसरात नव्या उद्योगांसाठी राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे ना-हरकत प्रमाणपत्र घेण्याची पद्धत आहे. वीजवाहिन्यांवर ठिणग्या पडत असलेली ठिकाणे दिशादर्शक अँटेनांच्या साहाय्याने शोधून त्यांची दुरुस्ती केली जाते. अशा दुरुस्तीचा लाभ गावालाही होतो, कारण ठिणगी पडणारा जोड हा वीजगळतीचा आणि आगीच्या धोक्याचाही जोड असतो.

२. स्वतःच्या यंत्रणेचे आवरण: दुर्बिणीचे संगणक व विद्युत उपकरणेही गोंगाट करतात. ती धातूने पूर्ण वेढलेल्या खोल्यांत ठेवली जातात. तबकड्यांकडून येणारे संकेत प्रकाशतंतूंमधून नेले जातात, कारण प्रकाशतंतू रेडिओ लहरी उत्सर्जित करत नाही. अभ्यागतांना आवारात भ्रमणध्वनी बंद ठेवावा लागतो.

३. गाळण्या: भ्रमणध्वनी व दूरचित्रवाणी यांच्या ज्ञात वारंवारता ग्राहक यंत्रातच विद्युत गाळण्यांनी अडवल्या जातात. ठिणग्यांमुळे येणारे क्षणिक स्पंद निरीक्षण चालू असतानाच संगणकीय पद्धतीने ओळखून वगळण्याची यंत्रणा नूतनीकरणानंतर उपलब्ध झाली.

४. निरीक्षणोत्तर शुद्धीकरण: दूषित झालेल्या नोंदी विश्लेषणाच्या वेळी बाजूला काढल्या जातात. तबकड्या दूर दूर असल्याचाही येथे उपयोग होतो. एका तबकडीजवळचा स्थानिक व्यत्यय दुसरीकडे पोहोचत नाही, त्यामुळे दोघींच्या संकेतांची तुलना करताना तो क्षीण होतो.

या उपायांची मर्यादा अशी की व्यत्ययाबरोबर खऱ्या संकेताचाही भाग टाकून द्यावा लागतो. गाळणीने अडवलेल्या वारंवारतेवर आकाशातून काय येत होते, हे नंतर कोणत्याही युक्तीने कळू शकत नाही. उपग्रहांच्या बाबतीत तर स्थानिक शांतता निरुपयोगी ठरते. जीपीएस व भारताच्या नाविक या दिशादर्शक प्रणालींचे ११७६ मेगाहर्ट्झवरील संकेत दुर्बिणीच्या सर्वांत वरच्या पट्ट्यात थेट आकाशातून येतात.

स्थानिक विकासाशी संबंध

दुर्बिणीच्या परिसरातील निर्बंध आणि स्थानिक अपेक्षा यांतील ताण पुणे–नाशिक रेल्वेमार्गाच्या निमित्ताने ठळकपणे पुढे आला. सुमारे २३५ किमी लांबीच्या या नियोजित निमअतिजलद मार्गाची मूळ आखणी चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर व सिन्नर अशी होती. हा मार्ग दुर्बिणीच्या क्षेत्राजवळून जाणार असल्याने विद्युत रेल्वेमुळे होणाऱ्या व्यत्ययाविषयी आक्षेप घेण्यात आला. २०२५ मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी दुर्बिणीचे कारण देऊन मूळ आखणी सोडल्याचे आणि अहिल्यानगर व शिर्डीमार्गे पर्यायी मार्गाचा विचार असल्याचे संसदेत सांगितले. नारायणगाव, मंचर व संगमनेर भागांतील लोकप्रतिनिधी व नागरिक यांनी मूळ मार्गाची मागणी लावून धरली.

हा वाद विज्ञान विरुद्ध अज्ञान असा नाही. नारायणगावचा परिसर टोमॅटो, द्राक्षे व भाजीपाला यांच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असून रेल्वेमुळे शेतमालाची वाहतूक स्वस्त होईल, ही तेथील अपेक्षा रास्त आहे. दुसऱ्या बाजूस, ३० तबकड्यांची दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही आणि एकदा गेलेली रेडिओ शांतता परत आणणे फार कठीण असते. शांततेचा लाभ साऱ्या जगाला मिळतो आणि तिची किंमत मात्र मुख्यतः परिसरातील गावे मोजतात. त्यामुळे निर्बंधांबरोबर त्या गावांना पर्यायी सुविधा देण्याचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरतो.

पारनेर तालुक्याच्या दृष्टीने ३० किमीची मर्यादा महत्त्वाची आहे. अळकुटीकडील पश्चिम पट्टा या मर्यादेच्या आत येतो. पारनेर शहर दुर्बिणीच्या केंद्रापासून सरळ रेषेत सुमारे ४० किमीवर असून सुपे येथील औद्योगिक वसाहत त्याहूनही पूर्वेस आहे. तालुक्यातील उद्योगांची वाढ सुपे परिसरात एकवटलेली असल्याने ती या मर्यादेबाहेर राहते.

अन्य देशांतील व्यवस्था

अमेरिकेत ग्रीन बँक येथील दुर्बिणीसाठी १९५८ मध्ये सुमारे ३४,००० चौरस किमीचे राष्ट्रीय रेडिओ शांतता क्षेत्र निश्चित करण्यात आले. दक्षिण आफ्रिकेने २००७ मध्ये खगोलशास्त्रीय क्षेत्रांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. ऑस्ट्रेलियाने पश्चिमेकडील मर्चिसन भागात असेच क्षेत्र राखले आहे. स्क्वेअर किलोमीटर ॲरे ही आंतरराष्ट्रीय दुर्बीण या शेवटच्या दोन देशांत उभी राहत आहे. खोडदच्या दुर्बिणीला या प्रकल्पाची पथदर्शक म्हणून मान्यता आहे. दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलियातील ही क्षेत्रे अत्यंत विरळ लोकवस्तीची आहेत. खोडदचे वैशिष्ट्य असे की येथील तबकड्या बागायती शेती, दाट गावे आणि वाहते रस्ते यांच्यामध्येच उभ्या आहेत.

लोकसहभाग

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडद येथे विज्ञान प्रदर्शन भरते. त्या वेळी दुर्बीण सर्वांसाठी खुली असते. ग्रामीण भागातील शाळांचे हजारो विद्यार्थी आपापले प्रयोग घेऊन किंवा पाहण्यासाठी येथे येतात. व्यत्यय रोखण्यात नागरिकांचा वाटाही मोठा असू शकतो. विजेच्या खांबावर ठिणग्या दिसल्यास वीज कंपनीला कळवणे, बिघडलेले बूस्टर बंद करणे, प्रमाणित चार्जर व दिवे वापरणे आणि परवान्याविना जादा शक्तीची बिनतारी साधने न वापरणे या साध्या गोष्टी आहेत. वस्तीच्या मधोमध असलेल्या या दुर्बिणीची कार्यक्षमता अशा गोष्टींवरही अवलंबून असते.